चेनला तेल द्या, पण इंजिन बंद करून

कोपरखैरण्यात रविवारी सकाळी कुठल्याही सेक्टरच्या आतल्या गल्लीत शिरा. हँडलला हँडल लावून उभ्या असलेल्या मोटारसायकलींपैकी एखादी तरी डबल स्टँडवर चढवलेली दिसते. शेजारी बादली, जुना बनियन फाडून केलेलं फडकं आणि पाण्याच्या बाटलीत ओतलेलं तेल. माथाडी वसाहतींत काय किंवा नव्या इमारतींत काय, इथल्या पुष्कळ घरांत मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. पहाटे वाशीच्या बाजार समितीत पोहोचायचं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पाळी गाठायची, दिवसभर पार्सलं वाटायची, सगळं तिच्यावरच चालतं. त्यात खाडी जवळ. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की रात्रीत चेन तांबूस होते आणि दुसऱ्या दिवशी करकरायला लागते. तेव्हा चेनची निगा राखणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

मी डॉक्टर असून चेनबद्दल का लिहितो आहे, याचं कारण ती निगा राखण्याच्या एका पद्धतीत आहे. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, इंजिन सुरू करायचं, पहिला गिअर टाकायचा. मागचं चाक आपोआप फिरू लागतं. मग फडक्यात चेन धरून ठेवली की ती स्वतःच सरकत राहते आणि पुसली जाते. चाक हाताने फिरवायचे कष्ट वाचतात. गॅरेजमध्ये असं करतात, घरी करतात, मोबाइलवरच्या व्हिडिओंतही दाखवतात. आणि याच पद्धतीने माणसं बोटाची एक-दोन पेरं गल्लीत ठेवून अपघात विभागात येतात. बहुतेक सगळे तरुण, बहुतेक सगळे हाताने काम करणारे. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, ‘चाक तर हळूच फिरत होतं.’

हळू म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या १०० ते १२५ सीसीच्या गाडीच्या मागच्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, चाळीसेक दाते असतात. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. याचा अर्थ चाकाच्या एका फेऱ्यात अर्धा मीटर चेन सरकते. चाक अगदी संथ, दोन सेकंदांत एकदा फिरत असलं, तरी चेनचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर झाला. काहीतरी बिनसलं हे जाणवून हात मागे घ्यायला धडधाकट माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात चेन सहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. तर्जनीची वरची दोन पेरं मोजून पाहा, सहा सेंटिमीटरपेक्षा थोडी कमीच भरतील.

बरं, आधी बोट अडकत नाही, आधी फडकं अडकतं. त्याचा एक धागा, एक कोपरा दात्यात सापडतो आणि घडीत असलेली बोटं फडक्याबरोबर आत ओढली जातात. बोट आडवं आलं म्हणून इंजिन बंद पडेल ही आशाही व्यर्थ, कारण पहिल्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर सर्वांत जास्त असतो.

सुरीने कापलेलं बोट आणि चेनमध्ये गेलेलं बोट यांत फार फरक आहे. जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या शल्यचिकित्सकांनी १९६५ मध्ये पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवला. आज मुंबईतही अशा शस्त्रक्रिया होतात. पण त्यासाठी एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायच्या असतात आणि त्यांची टोकं धड असावी लागतात. स्प्रॉकेट कापत नाही, चिरडतो. हाड फुटतं, कातडी मोज्यासारखी सोलली जाते, रक्तवाहिन्या ओढल्या जाऊन आतून फाटतात, आणि वंगण, धूळ, लोखंडाचा कीस जखमेत खोल दाबला जातो. म्हणून पुष्कळदा बोट जोडण्याऐवजी जखम साफ करून, हाड थोडं आखूड करून टाके घालण्यापलीकडे शल्यचिकित्सकाच्या हाती काही उरत नाही. नातेवाईक तुटलेला तुकडा घेऊन आलेले असतात, तेव्हा हे सांगणं जड जातं.

ही जखम पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे, म्हणून तिचा जास्त राग येतो. इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये. डबल स्टँडवर गाडी घेऊन चाक एका हाताने, टायरला धरून, मागच्या दिशेने म्हणजे गाडी रिव्हर्स जाताना फिरेल तसं सावकाश फिरवायचं. दुसऱ्या हाताने चेनच्या खालच्या पदरावर काम करायचं. दिशा महत्त्वाची आहे. चाक पुढे फिरलं की खालचा पदर मागच्या स्प्रॉकेटकडे धावतो आणि हाताला बरोबर नेतो. उलटं फिरवलं की तोच पदर स्प्रॉकेटपासून दूर जातो. तरीही फडकं धरून चाक गरागरा फिरवू नये. भिंगरीसारख्या फिरणाऱ्या चाकाला इंजिन लागत नाही, स्वतःच्या वजनावरही ते बोट चिरडू शकतं. खरं तर फडक्याऐवजी लांब दांड्याचा ब्रश वापरावा, जुना टूथब्रशही चालतो. फक्त साइड स्टँड असलेली गाडी असेल तर ती सपाट जागी हातभर पुढे ढकलावी, उभी करावी, समोर आलेल्या तुकड्याला तेल द्यावं, पुन्हा ढकलावी. वेळ लागतो. लागू द्या.

आणखी एक गोष्ट. मुलांना या कामात ‘मदतीला’ बसवू नका. वडील चाक फिरवतात आणि चार वर्षांचं मूल पलीकडच्या बाजूने चकचकीत फिरणाऱ्या चेनला हात लावायला जातं. वडिलांना ते दिसतही नाही.

तेल किती आणि कुठे द्यायचं, हे नीट समजलं तर चेन तासभर पुसत बसण्याची वेळच येत नाही. हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये जी रोलर चेन बनवली, तिचीच रचना आजही आपल्या गाडीत आहे. आत पिन, तिच्यावर नळी, नळीवर फिरणारा रोलर. झीज होते ती पिन आणि नळी यांच्यामधल्या केसासारख्या फटीत. तेल तिथे पोहोचलं पाहिजे. बाहेरून थापलेलं ग्रीस दिसायला छान दिसतं, पण आत जात नाही आणि वर धूळ मात्र धरून ठेवतं. म्हणून गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एखाद-दुसरा थेंब गिअर ऑइल किंवा चेनसाठीचा स्प्रे पुरतो. रात्रभर मुरू द्यावं आणि सकाळी बाहेरचं जास्तीचं तेल पुसून टाकावं. साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पाण्यातून गाडी गेली की लगेच. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या पार्सलवाल्या मुलाला हे काम आठवड्यातून एकदा पडतं, दहा मिनिटांचं. तेल टायरवर किंवा ब्रेकवर उडालेलं नाही ना, एवढं मात्र पाहायचं.

पुष्कळजण गॅरेजमधून फुकट मिळणारं काळं, जळकं इंजिन ऑइल चेनला लावतात. त्यात इंजिनच्या झिजेतून आलेले धातूचे कण असतात, म्हणजे चेनला तेलाबरोबर थोडा पॉलिश पेपरही मिळतो. माझा आक्षेप कातडीसाठी आहे. मँचेस्टरचाच परिसर एकेकाळी सूतगिरण्यांचा होता. तिथे यंत्रांच्या चात्यांवरून उडणाऱ्या खनिज तेलाने वर्षानुवर्षं कपडे भिजवून घेणाऱ्या कामगारांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे तिथल्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये मांडलं. नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवली आहेत. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये तर जळण्यातून तयार झालेली तशीच घातक रसायनं जमा होतात. महिन्यातून एकदा हाताला लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण रोज कोपरापर्यंत हात काळे करणाऱ्या मेकॅनिकने हे मनावर घ्यावं. तेलाने माखलेलं फडकं पँटच्या खिशात कोंबायची सवय तर आजच सोडावी.

हात पेट्रोलने धुणं ही त्याच गॅरेजमधली दुसरी रीत. पेट्रोल कातडीतलं नैसर्गिक स्निग्ध काढून घेतं, मग भेगा पडतात, खाज सुटते, इसब होतो. आधी थोडं खोबरेल चोळून मग साबणाने धुतलं तर काळेपणा बराच निघतो. रॉकेल सहजासहजी मिळेनासं झाल्यापासून चेन धुवायलाही काहीजण पेट्रोल घेतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. आपल्याकडे छोट्या घरांत गाडी दारात आणि शेगडी दारापासून चार पावलांवर. एवढं सांगितलं तरी पुरे. रॉकेल असो वा तेल, ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. मुलाने घोट घेतलाच तर ओकारी काढायला लावू नका, कारण ओकताना तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं सुजतात. तसंच उचलून दवाखान्यात आणा.

चेन कोरडी ठेवणं हाही पर्याय नाही, हे सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून कुणी चेनला हातच लावायचा नाही. कोरडी, सैल चेन स्प्रॉकेटवरून उतरते आणि मागच्या चाकात अडकून ते जाम करते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मागे ट्रेलर असताना हे झालं तर प्रश्न बोटाचा राहत नाही. चेनकव्हर दिखाव्यासाठी काढून टाकणाऱ्यांचंही मला नवल वाटतं. पूर्ण झाकलेल्या चेनला धूळ-पाणी कमी लागतं, तेल कमी वेळा द्यावं लागतं, आणि मागे बसलेल्या बाईची ओढणी किंवा पदर तिच्यात जात नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं मागचं चाक झाकणारं संरक्षण असलं पाहिजे, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलं आहे.

एवढं करूनही बोट सापडलंच, तर पहिली पाच मिनिटं मोलाची. हात ओढू नका, ओढण्यानेच अर्धं नुकसान होतं. कुणालातरी चावी बंद करायला सांगा, गाडी न्यूट्रलमध्ये आणा आणि बोट ज्या दिशेने आत गेलं त्याच्या उलट दिशेला चाक इंचाइंचाने फिरवा. निघत नसेल तर शेजारच्या मेकॅनिकला बोलवा, चेन खोलायला तो डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा. बोटाच्या मुळाशी दोरी किंवा रबर आवळू नका. त्या हातातली अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाही. हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको.

तुकडा तुटला असेल तर तो शोधा, स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट तुकड्याला लागता कामा नये, लागला तर पेशी गोठून मरतात. बोटात स्नायू नसतात, म्हणून असं थंड ठेवलेलं बोट हात-पायाच्या मोठ्या भागापेक्षा जास्त तास तग धरतं. पण तो वेळ तीन दवाखाने फिरण्यात घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट प्लास्टिक सर्जरी विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. मुंबईत शीव आणि केईएम इथे तो आहे. जोडता येईल की नाही हे तिथे ठरू द्या, घरी ठरवून तुकडा फेकू नका. वाटेत चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

पेर गेलेलं बोट दोन-तीन आठवड्यांत भरून येतं, हात मात्र तेवढ्यात बरा होत नाही. बोटाचं टोक कित्येक महिने गार पाण्याला, थंडीतल्या वाऱ्याला आणि नुसत्या धक्क्यालाही कळवळतं. माणूस ते बोट वाचवत वाचवत बाकीची बोटंही वाकवेनासा होतो आणि सांधे आखडतात. टाके निघाले की फिजिओथेरपी विभागात पाठवलेली बरीच माणसं तिकडे फिरकत नाहीत, कारण रोजंदारी बुडते. तेवढे दिवस बुडू द्यावेत. गोण उचलणारा किंवा यंत्रावर बसणारा हात आखडला, तर पुढे कितीतरी जास्त रोजंदारी बुडते.