आलेखातले ठिपके काय सांगतात?

मंडळी, दोन गोष्टी एकमेकींसोबत वाढतात का, हे आलेखावरून कसं ओळखायचं, एवढाच आजचा प्रश्न.

आडव्या अक्षावर एक राशी, उभ्या अक्षावर दुसरी. प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. ठिपक्यांचा पुंजका डावीकडून उजवीकडे वर चढत गेला तर धन सहसंबंध, खाली उतरत गेला तर ऋण. ठिपके एका रेषेत असायलाच हवेत असं नाही. कल दिसला पाहिजे.

आता डोळा फसतो, म्हणून एक सोपी युक्ती. दोन्ही राशींच्या सरासरीवर एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार खाने पडतील. उजवीकडचा वरचा आणि डावीकडचा खालचा, या दोन खान्यांत बहुतेक ठिपके असले तर सहसंबंध धन. चारही खान्यांत सारखेच विखुरले असले, तर कल नाही असं समजायचं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. २८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. कारण होतं रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग. थंडीत ती कडक होते आणि फट वेळेत बुजवत नाही. आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीचा धोका मांडला होता. पण इजा तर गरम दिवशीच्या उड्डाणातही झाली होती ना, हा मुद्दा आडवा आला.

आपण आलेख काढू. आडव्या अक्षावर थंडी, उभ्यावर इजा. आधीच्या सात उड्डाणांत या सांध्यांच्या कड्यांना इजा झाली होती. फक्त हे सात ठिपके घेतले, तर धन बाजूच्या खान्यांत तीन पडतात, उरलेल्या दोन खान्यांत चार. म्हणजे संबंधच दिसत नाही!

मग चुकलं कुठे? इजा न झालेली उड्डाणं वगळली, तिथे. नोंद असलेली एकूण उड्डाणं २३. त्यांपैकी सुमारे १८ अंश सेल्सियसपेक्षा थंड हवेतली चार, आणि चारही उड्डाणांत इजा. उरलेल्या १९ गरम उड्डाणांत इजा फक्त तीनदा. म्हणजे २३ पैकी २० ठिपके 'थंडी जास्त तर इजा, थंडी कमी तर इजा नाही' या बाजूचे. अपघातानंतर चौकशी आयोगाने अहवालात हे दोन्ही आलेख दिले. 'शून्य इजा' हीसुद्धा एक नोंदच असते!

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. आडव्या अक्षावर थंडीऐवजी तापमान घेतलं, तर हाच संबंध ऋण दिसेल. म्हणून आधी अक्ष वाचा, मग चढ-उतार बघा. आणि ठिपके जिथे संपतात, तिथे आपली माहितीही संपते. आधीचं सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंशांचं होतं. त्या सकाळी हवा होती साधारण २ अंश. तिथे एकही ठिपका नव्हता.

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरंच. इथे कारण रबराच्या गुणधर्मातून कळलं. पण कारण शोधायला कुठे बघायचं, ते आलेख सांगतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी आलेख दाखवला, की पहिला प्रश्न विचारा: यात कोणते ठिपके घेतलेले नाहीत?