सिस्टरच्या अखत्यारीत काय, डॉक्टरांच्या अखत्यारीत काय?

रबाळ्याच्या एका गटाची मासिक सभा संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली आणि मग खरी चर्चा सुरू झाली. एका ताईंची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, गावाकडं गेली होती. ताईंचा राग उपकेंद्रातल्या सिस्टरवर. "रात्री कळा मंदावल्या. आम्ही म्हटलं, कळांचं इंजेक्शन मारा की! तर ती नाहीच म्हणाली. गाडी बोलावून तालुक्याला पाठवलं. एवढी शिकलेली बाई, एक सुई मारायला काय झालं असतं?"

बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. म्हणून हे लिहायला घेतलं.

ताई, सिस्टरनं बरोबर केलं. कळांचं इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर यायच्या आधी ते दिलं तर कळा एकदम जोरात येऊ शकतात. बाळाला श्वास कमी पडतो, कधी गर्भपिशवीच फाटते. तसं झालं तर काही मिनिटांत ऑपरेशन आणि रक्त लागतं, आणि उपकेंद्रात दोन्ही नसतं. म्हणून बाळंतपणाआधी ते द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं, तेही जिथं सिझेरियनची सोय आहे तिथं. सरकारी सूचनेत आरोग्य सेविकेला याची सक्त मनाई आहे.

आता गंमत बघा. हेच औषध बाळ जन्मल्यावर लगेच, १० युनिट, आईला द्यायचं असतं. त्यानं पिशवी आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे मात्र प्रशिक्षित सिस्टर डॉक्टरांची वाट न बघता देते, ते तिचं कामच आहे. तसंच गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला रक्तदाब वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच तिला पुढं पाठवायचं, हेही प्रशिक्षित सिस्टरला शिकवलेलं असतं. तेव्हा "नर्सला काय कळतंय, डॉक्टर बोलवा" म्हणून तिथं वेळ घालवू नका.

पण आधी सिस्टर म्हणजे कोण, ते बघू. पांढरा कोट घातला की आपण सगळ्यांनाच सिस्टर म्हणतो. आरोग्य केंद्रात आशाताई असते, ती आपल्या वस्तीतलीच. सुई देणं तिचं काम नाही. आरोग्य सेविका म्हणजे एएनएम, तिचा अभ्यासक्रम २ वर्षांचा. जीएनएम ३ वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. शिकून झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली ही नोंदणी होते आणि दर ५ वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. चुकीचं वागल्यास परिषद यादीतून नाव काढू शकते. म्हणजे आपण हट्ट करून एखादी सुई मारायला लावतो, तेव्हा तिची भाकरीच पणाला लावतो.

नोंदणी असलेली नर्स रक्तदाब, साखर तपासते, ड्रेसिंग करते, वेळापत्रकाप्रमाणे लस देते. जुलाबाला ओआरएस, गरोदरपणात लोहाच्या गोळ्या, साधं बाळंतपण, आणि वेगळं प्रशिक्षण घेतलं असेल तर तांबी बसवणं, हेही तिचंच. सलाईन, अँटिबायोटिकची सुई, नवीन औषध हे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिल्यावर. तातडीच्या वेळी डॉक्टर फोनवर सांगतात, तेव्हाही ते नंतर कागदावर यायला हवं.

गर्भपात मात्र नर्सनं कधीच करायचा नाही. १९७१ च्या कायद्यानं तो फक्त ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनाच करता येतो. "आमच्या ओळखीची सिस्टर घरी करून देते" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. एमआयडीसीतल्या कंपनीत सुट्टीसाठी लागणारं आजारपणाचं सर्टिफिकेटही तिच्याकडं मागू नका.

सलाईनचं तर विचारूच नका. थोडा अशक्तपणा आला, शिफ्ट करून अंग दुखलं, की आपणच म्हणतो, "एक बाटली लावा." दवाखान्यात डॉक्टर नसतात आणि तरी बाटली लागते. यात निम्मी चूक आपली. पुढच्या वेळी आवाज न चढवता एवढंच विचारा: "सिस्टर, हे डॉक्टरांनी लिहिलंय का? कुठलं औषध आहे?" चांगली नर्स याचा राग मानत नाही. केसपेपर स्वतःजवळ ठेवा. रात्री अडचण आली तर १०८ ला फोन करा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी आहे. रबाळ्याहून ऐरोलीचं महापालिकेचं रुग्णालय जवळ आहे, वाशीला मोठं आहे.

इंग्लंडमध्ये जादा शिक्षण घेतलेल्या नर्सना औषधं लिहून द्यायचा अधिकार आहे. आपल्याकडंही २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी नवा केंद्रीय कायदा झाला. पुढं काही बदलेल, पण आज तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरला वरचेच नियम लागू आहेत.

आता गटाच्या पैशांचा विषय. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा जाहिराती बघून लेकीच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागायला बऱ्याच जणी येतात. सहा महिन्यांच्या कोर्सनं मुलगी मदतनीस होईल, रुग्णाची सेवा करेल, त्यातही कमीपणा नाही. पण परिचर्या परिषदेत तिची नोंदणी होणार नाही, आणि नर्सच्या सरकारी जागेसाठी ती नोंदणीच मागतात. दोन वर्षं हप्ते फेडल्यावर हे कळलं तर आईनं कुणाकडं बघायचं? तेव्हा कर्जाचा अर्ज आला की गटानं तीन गोष्टी विचाराव्यात: कोर्स एएनएम, जीएनएम की बीएस्सी? संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि ती चालू वर्षाची आहे का? परीक्षा कोण घेतं? मान्यतेच्या पत्राची झेरॉक्स अर्जाला जोडायला सांगा. फीची पहिली पावती भरण्याआधी मुलीला घेऊन एकदा परिषदेत जाऊन विचारून या. रबाळ्याहून लोकलचं तिकीट कर्जाच्या एका हप्त्याच्या मानानं काहीच नाही.