जड धातू आणि बियांची उगवण

ज्वारीवरील काणी टाळण्यासाठी पूर्वी बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून पेरीत असत. पाणी तीव्र झाले किंवा बी त्यात अधिक वेळ राहिले, तर काणीबरोबर उगवणही मारली जाई. मोरचूद हा तांब्याचा क्षार होय. तांबे व जस्त पिकास अल्प प्रमाणात अवश्य लागतात, परंतु अतिरेक झाला की विषवत् ठरतात. शिसे व कॅडमियम यांचा तर पिकास काडीचाही उपयोग नाही. शहरांचे मैलापाणी, कारखान्यांचे सांडपाणी व त्यांचा गाळ यांवाटे हे धातू शेतात येतात. ते कुजत नाहीत; वर्षानुवर्षे साठत राहतात.

अशा जमिनीत बी उगवणारच नाही, असे पुष्कळांस वाटते. येथेच फसगत होते. बियांचे टरफल धातूंस बऱ्याच अंशी बाहेरच अडविते, त्यामुळे दूषित जमिनीतही उगवण अनेकदा चांगली दिसते. टरफल फोडून मूळ बाहेर आले म्हणजे मात्र त्यास काही आडोसा राहत नाही. मुळाच्या टोकाची वाढ खुंटते, ते आखूड व तपकिरी होते आणि उपमुळे नीट फुटत नाहीत. धातू फारच असल्यास बियांतील पिष्टाची साखर होण्याची क्रियाही मंदावते व अंकुर उपाशी राहतो.

यास्तव संशयित शेताची माती एका कुंडीत व चांगल्या शेताची तशीच माती दुसरीत भरून प्रत्येकीत एकाच वाणाचे शंभर दाणे पेरावेत आणि पाणी सारखेच द्यावे. आठव्या दिवशी रोपे उपटून, धुऊन मुळे मोजावीत. कोंबांची संख्या सारखी असून मुळे निम्मीच भरली, तर सावध व्हावे. खारटपणानेही मुळे आखुडतात, हे खरे. म्हणून माती प्रयोगशाळेत धाडताना शिसे व कॅडमियम पाहण्यास आवर्जून सांगावे. नेहमीच्या माती-परीक्षणात ते पाहिले जात नाहीत. आम्लधर्मी जमिनीत चुना घातल्यास व सर्वत्र शेणखत दिल्यास धातू पिकाच्या हाती कमी लागतात, पण जमिनीतून जात नाहीत.

जपानातील जिंझू नदीकाठी खाणीचे कॅडमियम पाटाच्या पाण्याने भातखाचरांत उतरले. भात उगवत होते, पिकतही होते. तोच तांदूळ खाऊन लोकांची हाडे ठिसूळ झाली. रोगाचे हे कारण सरकारने १९६८ साली मान्य केले. आठशेहून अधिक हेक्टर खाचरांची माती सुधारण्याचे काम २०१२ सालापर्यंत चालले होते.