पळणाऱ्याच्या मागे किती पळायचे?

सकाळी शाळेच्या वेळेला मैंदर्गीच्या रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहून बघा. अक्कलकोटकडून एस.टी. येते, दुधनीकडून माणसांनी गच्च भरलेली वडाप येते. मध्येच शेळ्या, पाठीला दप्तर लावलेली पोरे, आणि हंगाम असेल तर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. आपल्याकडे रस्ता म्हणजे गावाचे अंगणच! आता कल्पना करा, याच रस्त्याने बिननंबरची एक मोटारसायकल सुसाट येते आहे आणि मागे पोलिसांची गाडी. वाचकहो, तुम्ही काय म्हणाल?

"पळतोय म्हणजे चोरच असणार, सोडू नका त्याला!" बहुतेकांचे उत्तर हेच. त्यात काही चूकही नाही. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने थांबा म्हटले की थांबायचे, हा नियमच आहे. पण पळणारा नेहमी दरोडेखोरच असतो असे नाही. कोणाकडे लायसन नसते, कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नसते, कोणी बापाची गाडी न विचारता काढलेली असते. पोरगं घाबरतं आणि पळतं.

आता जरा हिशेब करू. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. समोर पोर आडवे आले, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच 25 मीटर संपतात. पुढे कोरड्या डांबरावर गाडी थांबायला साधारण आणखी 45 मीटर लागतात. म्हणजे सगळे मिळून 70 मीटर. तीच गाडी 45 च्या वेगात असेल तर 24 मीटरच्या आसपास थांबते. हा नियम चोराच्या गाडीला जसा लागू, तसाच पोलिसांच्या गाडीलाही. सायरन लावला म्हणून ब्रेक काही लवकर लागत नाही!

मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेच घडले. हेल्मेट नाही म्हणून एका जोडप्याच्या दुचाकीचा पाठलाग झाला, निरीक्षकाने गाडीला लाथ मारली आणि मागे बसलेली बाई जिवाला मुकली. निरीक्षकाला अटक झाली, पण गेलेली बाई परत आली नाही. पुढे नोव्हेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बजावले, की हेल्मेटसाठी दुचाकीवाल्यांचा पाठलाग करू नका, कॅमेऱ्यासारखी साधने वापरा.

यावर कोणी म्हणेल, "मग काय, सगळ्यांना मोकाटच सोडायचे?" हा प्रश्नही खरा आहे. न्यूझीलंडच्या पोलिसांनी डिसेंबर 2020 मध्ये पाठलागावर कडक बंधने घातली. पुढे इशारा धुडकावून पळणारे वाढले आणि मे 2023 मध्ये ती बंधने सैल करावी लागली. म्हणजे सरसकट बंदी हा काही उपाय नव्हे.

मग माप कोणते लावायचे? ते आपल्याच कायद्यात सापडते. ज्याच्यावर फाशीचा किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही, त्याला अटक करताना त्याचा जीव घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. आरोपीच्या जिवाची जर एवढी किंमत, तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, कशातच नसलेल्या म्हातारीच्या जिवाची किती? खुनी पळतोय, पोर पळवून नेलेय, तर धोका पत्करावाच लागेल. पण पावतीच्या दंडासाठी भर बाजारातून गाडी दामटणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

"पण सीमा जवळ आहे, एकदा कर्नाटकात गेला की सुटलाच की हो!" असेही ऐकू येते. हा गैरसमज आहे. विनावॉरंट अटक करता येईल अशा आरोपीच्या मागे पोलीस देशात कुठेही जाऊ शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तेव्हा आजच, याच वळणावर गाठले पाहिजे अशी घाई नको. पुढच्या नाक्याला वायरलेस करता येतो. नंबर मिळाला तर मालकाचे घर सापडते, आणि गाडी कोण चालवत होते हे सांगणे कलम 133 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. मैंदर्गीहून सुटलेली गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे? अक्कलकोटला, दुधनीला, नाहीतर आडवाटेने पलीकडच्या गावाला. रात्री तर ती घरीच येणार.

आपलेही काम आहे. सायरन ऐकू आला की बघायला रस्त्यावर धावू नका, आधी लेकरे आत घ्या. पळणाऱ्या गाडीला दगड मारू नका, आडवी बैलगाडी घालू नका. नंबर, रंग आणि दिशा लक्षात ठेवा आणि 112 ला फोन करा. आणि घरातल्या पोराला आजच एक गोष्ट सांगून ठेवा: "पोलिसांनी हात केला तर थांब. दंड मी भरीन."

दंडाचे पैसे उसाच्या बिलातून फिटतील. पण रस्त्यावर गेलेला जीव कोणत्या बिलातून भरून काढणार?