एका कनेक्शनची एकच रांग

१० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटांची, पॅकेटं एकापाठोपाठ एक येऊ लागली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं होतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसर कोरला तेवढ्यात घड्याळाचे जेमतेम २०० ठोके मिळतात, आणि मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणायची झाली की त्यातले बरेचसे तिथेच खर्ची पडतात. हे काम एका कोरच्या आवाक्यातलं नाही. म्हणून कार्डाला अनेक रांगा दिल्या जातात, प्रत्येक रांगेमागे एक कोर लावला जातो, आणि आलेलं पॅकेट कुठल्या रांगेत टाकायचं ते कार्डच ठरवतं. या पद्धतीला रिसीव्ह साइड स्केलिंग, थोडक्यात आरएसएस म्हणतात. तिची ओळख बहुधा ‘कामाची समान वाटणी’ अशी करून दिली जाते. ही ओळख मला अपुरी वाटते, आणि खऱ्या कार्डाच्या जागी व्हर्च्युअल मशीनचं आभासी कार्ड असतं तेव्हा ती चक्क दिशाभूल करते. आरएसएसचा गाभा सातत्यात आहे. एका कनेक्शनचं प्रत्येक पॅकेट दर वेळी त्याच रांगेत गेलं पाहिजे, आणि ती रांग पॅकेट घेणाऱ्या यंत्रणेने आधी सांगून ठेवलेल्या नियमानेच ठरली पाहिजे. आभासी कार्ड बनवणाऱ्यांची गेल्या काही वर्षांतली धडपड हा शब्द पाळण्यासाठी चालली आहे, असं मानलं तरच तिचा अर्थ लागतो.

नुसती समान वाटणीच हवी असती तर सोपा उपाय होता. पहिलं पॅकेट पहिल्या रांगेत, दुसरं दुसऱ्या, असं फिरत राहायचं. त्याहून समसमान वाटप दुसरं नाही. पण मग एकाच कनेक्शनची लागोपाठची पॅकेटं वेगवेगळ्या कोरांवर जातात. एक कोर मोकळा असतो, दुसरा गुंतलेला, आणि मागचं पॅकेट पुढच्याच्या आधी टीसीपीच्या हाती पडतं. टीसीपी लगेच मधलं पॅकेट न आल्याची खूण म्हणून आधीचीच पोचपावती पुन्हा पाठवतो. अशा तीन पुनरावृत्त पोचपावत्या मिळाल्या की पाठवणारा समजतो, पॅकेट हरवलं; तो ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही घटवतो. म्हणजे काहीही हरवलेलं नसताना निव्वळ वाटणीपायी कनेक्शन मंदावतं. शिवाय त्या कनेक्शनची नोंद प्रत्येक कोरला आपापल्या कॅशमध्ये ओढून आणावी लागते ते वेगळंच. एका घरची पत्रं रोज त्याच पोस्टमनच्या थैलीत पडावीत तसं हे आहे. सगळ्या थैल्यांचं वजन सारखं भरलं तर उत्तमच, पण थैली बदलता कामा नये.

यासाठी जे गणित वापरलं जातं त्याचं नाव टोप्लिट्झ हॅश. ओटो टोप्लिट्झ हा १८८१ साली ब्रेस्लाऊत, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्ह्रोत्सुआफमध्ये, जन्मलेला आणि १९४० साली जेरुसलेमला वारलेला जर्मन गणिती. ज्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक तिरप्या रेषेवर एकच आकडा असतो, तिला त्याचं नाव मिळालं आहे. आरएसएसमधला टोप्लिट्झ अगदी थोड्या सामग्रीवर चालतो. पॅकेटच्या शीर्षातून पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आणि दोघांचे पोर्ट काढून एका ओळीत लावायचे. आयपीव्ही४ मध्ये हे १२ बाइट, म्हणजे ९६ बिट होतात. दुसऱ्या बाजूला ४० बाइटांची एक किल्ली. किल्लीच्या डाव्या टोकावर ३२ बिटांची खिडकी ठेवायची आणि ओळीतला एकेक बिट वाचत जायचं. बिट १ असेल तर खिडकीतला आकडा आतापर्यंतच्या उत्तरात एक्स-ऑर करून मिसळायचा, ० असेल तर सोडून द्यायचा. आणि काहीही असलं तरी खिडकी एक घर उजवीकडे सरकवायची. (खिडकीतले हे आकडे एकाखाली एक मांडले की टोप्लिट्झची तीच मॅट्रिक्स दिसते.) ओळ संपली की हाती उरलेले ३२ बिट म्हणजे हॅश. किल्ली ४० बाइटांचीच का, तेही यातूनच कळतं. आयपीव्ही६ ची ओळ ३६ बाइटांची होते, आणि खिडकीला शेवटपर्यंत सरकायला आणखी ४ लागतात.

मायक्रोसॉफ्टने हा नियम कागदावर मांडताना पडताळणीसाठी एक नमुना किल्ली आणि काही नमुना पत्ते दिले. त्यातला पहिला असा: ६६.९.१४९.१८७ या पत्त्यावरच्या २७९४ पोर्टवरून १६१.१४२.१००.८० च्या १७६६ पोर्टकडे निघालेलं पॅकेट. दशमान पद्धतीने लिहिलं तर त्याचा हॅश १,३७,२३,७३,३६८ येतो. हॅशवरून रांग शोधण्यासाठी एक तक्ता असतो. तक्त्यात १२८ खण असतील तर हॅशचे शेवटचे ७ बिट घ्यायचे, म्हणजेच १२८ ने भागून बाकी पाहायची. ती येते १२०. त्या खणात जो रांगेचा क्रमांक लिहिलेला असेल ती या कनेक्शनची रांग. चार रांगा ०, १, २, ३ अशा क्रमाने पुन्हापुन्हा भरल्या असतील तर १२० व्या खणात ० निघतो. कुठल्याही कंपनीचं कार्ड असो, आभासी असो वा खरं, त्या किल्लीला आणि त्या पत्त्यांना हाच आकडा यायला हवा. एका बिटाचाही फरक चालत नाही. या काटेकोरपणाचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण हॅश आणि रांग यांच्यामध्ये तो तक्ता ठेवण्यातलं शहाणपण त्यामुळेच उपयोगी पडतं. एखादा कोर थकला तर किल्लीला हात न लावता तक्त्यातले थोडे खण बदलायचे. बाकीची कनेक्शनं जागची हलत नाहीत.

सिलिकॉनसाठी हे गणित फार सोयीचं आहे. गुणाकार नाही, बेरजेतला हातचा नाही. नुसती एक्स-ऑर गेटांची उतरंड, आणि सगळे बिट एकदम आत सोडता येतात. प्रोसेसरवर मात्र तेच काम बिटामागून बिट असं करावं लागतं, आयपीव्ही४ साठी ९६ पायऱ्या, आयपीव्ही६ साठी २८८. आधीच तयार केलेले तक्ते वापरून ते बाइटामागून बाइट करता येतं, पण आयपीव्ही६ चे असे तक्ते ३६ किलोबाइट जागा खातात. कार्डाच्या सोयीने घडलेलं हे यंत्र प्रोसेसरला हाताने चालवायला लावायचं, ही आभासी कार्डाची मूळ अडचण.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. रस्टी रसेल यांनी २००८ साली व्हर्टआयओची कल्पना मांडली. खऱ्या कार्डाची नक्कल करत बसण्यापेक्षा गेस्ट (व्हर्च्युअल मशीनमधली यंत्रणा) आणि होस्ट (ते मशीन चालवणारा संगणक) यांनी आपसात ठरवलेलं एक साधं आभासी कार्ड असावं, अशी ती कल्पना. २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये या कार्डाला अनेक रांगा मिळाल्या. पण कुठलं पॅकेट कुठल्या रांगेत जाणार हे होस्ट आपल्या अंदाजाने ठरवायचा. गेस्टने एखादं कनेक्शन ज्या रांगेतून बाहेर पाठवलं ती रांग होस्ट लक्षात ठेवायचा आणि उत्तर त्याच रांगेत टाकायचा. युक्ती छान आहे, आणि कितीतरी ठिकाणी ती पुरेशीही ठरते. तरी तिच्यात गेस्टला सांगायला जागाच नव्हती. त्याची किल्ली नाही, त्याचा तक्ता नाही. बाहेरून नवं कनेक्शन येतं तेव्हा गेस्टने अजून काही पाठवलेलंच नसतं, मग लक्षात काय ठेवणार? २०२२ च्या व्हर्टआयओ १.२ प्रमाणकात ही उणीव भरून निघाली. आता गेस्ट आपली किल्ली, आपला तक्ता आणि कोणत्या प्रकारच्या पॅकेटांचा हॅश कसा काढायचा हे कार्डाला कळवू शकतो. आणि काढलेला हॅश पॅकेटसोबत परत मागूही शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: हे सगळं होस्टवर कशाला? गूगलच्या टॉम हर्बर्ट यांनी आणलेली रिसीव्ह पॅकेट स्टिअरिंग ही सोय २०१० पासून लिनक्समध्ये आहे. गेस्टने पॅकेट कुठल्याही रांगेत घ्यावं आणि मग आपणच हॅश काढून योग्य कोरकडे सोपवावं. हे चालतं, पण तोवर एक कोर त्या पॅकेटसाठी उठवला गेलेला असतो, आणि दुसऱ्याला उठवायला कोर-ते-कोर इंटरप्ट लागतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये अशा इंटरप्टला अनेकदा हायपरवायझरकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या होस्टच्या थराकडे, जाऊन यावं लागतं, आणि एका पॅकेटमागे २०० ठोके हाती असताना ती फेरी परवडत नाही. दुसरा आक्षेप म्हणजे खऱ्या कार्डाचा एक तुकडाच गेस्टला थेट देऊन टाकावा. वेगासाठी तो मार्ग चांगला आहे. पण चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं त्यात कठीण होऊन बसतं, आणि आभासी यंत्रं ठेवण्यामागचं एक मोठं कारणच ती मुभा आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. टोप्लिट्झ हॅश रेषीय आहे. दोन पॅकेटांच्या हॅशमधला एक्स-ऑर फरक त्यांच्या पत्ते-पोर्टमधल्या फरकावर आणि किल्लीवर ठरतो, मूळ पत्त्यांवर नाही. पाठवणाऱ्याचे ६५,५३६ पोर्ट १२८ खणांत विभागले तर एका खणात सरासरी ५१२ पडणार, हे कुठल्याही हॅशला लागू आहे. टोप्लिट्झमध्ये मात्र जे फरक एका पत्त्यासाठी त्याच खणात नेतात ते सगळ्या पत्त्यांसाठी नेतात. किल्ली ठाऊक असेल तर हल्लेखोराला शोधत बसावंही लागत नाही, समीकरणं सोडवली की पुरे. मग तो आपली सगळी पॅकेटं एकाच कोरवर लोटू शकतो. ही भीती कागदी नाही. अनेक ड्रायव्हर एकच जगजाहीर किल्ली वापरत असत, आणि २०१४ मध्ये लिनक्सने त्यांना यादृच्छिक किल्ली पुरवण्याची सोय केली ती याच कारणाने. लिनक्सचा आपला अंतर्गत फ्लो-हॅश तर २०१९ मध्ये सिपहॅशवर गेला, जो अशा अंदाजबांधणीला दाद देत नाही. मग व्हर्टआयओने टोप्लिट्झच का धरून ठेवावा? मला उत्तर पटतं ते असं: विंडोज असो वा लिनक्स, गेस्टमधल्या ड्रायव्हरला हीच भाषा येते, आणि उद्या तेच आभासी कार्ड होस्टच्या प्रोसेसरवरून उतरून खऱ्या सिलिकॉनमध्ये गेलं तर तिथे ते गणित आधीच तयार असतं. दुर्बळपणा खराच आहे. तो गुप्त आणि यादृच्छिक किल्लीने सुसह्य होतो, नाहीसा होत नाही. आणि ज्यांना दोन्ही दिशांची पॅकेटं एकाच रांगेत हवी असतात ते १६ बिटांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा लिहून किल्ली बनवतात, तेव्हा ३२ बिटांच्या हॅशमध्ये खरी माहिती १६ बिटांचीच उरते, हे त्यांनी विसरू नये.

प्रमाणकात लिहिलं म्हणजे यंत्र तसं वागू लागतं असं नाही. क्वेमू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा, होस्टवरचा साधा प्रोग्रॅम. गेस्टची किल्ली आणि तक्ता त्याच्याकडे येतो. पण वेगासाठी व्हीहोस्ट ही कर्नलमधली सोय चालू केली की पॅकेटं क्वेमूकडे फिरकतच नाहीत. होस्टचं कर्नल ती टॅप या आभासी नेटवर्क उपकरणातून उचलून थेट गेस्टच्या मेमरीत ठेवतं. नियम एकाच्या हाती, पॅकेट दुसऱ्याच्या. प्रमाणक निघण्याआधीच, २०२० मध्ये, क्वेमू ५.१ ने आरएसएस दिलं ते व्हीहोस्ट बंद असतानाच उपयोगाचं होतं. २०२१ च्या ६.१ मध्ये त्यावर तोड निघाली. टोप्लिट्झचं गणित एका छोट्या ईबीपीएफ, म्हणजे कर्नलच्या आत चालणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये लिहायचं, गेस्टची किल्ली आणि तक्ता त्याच्या शेजारी ठेवायचा, आणि प्रोग्रॅम कर्नलमधल्या टॅपला जोडायचा. मग कर्नल प्रत्येक पॅकेटसाठी तो चालवतं आणि त्याने सांगितलेल्या रांगेत पॅकेट टाकतं. ही जोडणी सुरेख आहे, पण तिच्यातून एकच गोष्ट बाहेर येते: रांगेचा क्रमांक. प्रोग्रॅमने आत अख्खा हॅश काढलेला असतो, आणि तो तिथेच टाकून दिला जातो. गेस्टपर्यंत तो न्यायचा तर पॅकेटच्या पुढे लागणारं व्हर्टआयओचं शीर्ष १२ बाइटांवरून २० बाइटांचं व्हायला हवं, आणि ते काम टॅप आणि व्हीहोस्ट यांनी करायला हवं. तसं होत नाही तोवर गेस्टला हॅश लागला तर तो स्वतः पुन्हा काढतो. एकाच पॅकेटचा हॅश खऱ्या कार्डाने एकदा, होस्टने एकदा आणि गेस्टने एकदा काढला, असं सहज घडतं.

त्यात ईबीपीएफ चढवायला जादा अधिकार लागतात, आणि क्वेमू मुद्दाम कमी अधिकारांनी चालवला जातो, कारण गेस्टमधून कोणी तो फोडला तर नुकसान आटोक्यात राहावं. म्हणून प्रोग्रॅम दुसऱ्या, विश्वासातल्या प्रक्रियेने चढवून त्याचे धागे क्वेमूच्या हाती द्यावे लागतात. कंटेनरमध्ये किंवा कडक बंदोबस्ताच्या होस्टवर नेमकी इथेच गाडी अडते. पॅकेटंही नेहमी सरळ नसतात. मोठं यूडीपी पॅकेट तुकड्यांत आलं तर पोर्ट पहिल्या तुकड्यातच असतात. बाकीच्यांचा हॅश पत्त्यांवरच काढावा लागतो, आणि पहिला तुकडा एका रांगेत, उरलेले दुसऱ्या. म्हणून कित्येक ड्रायव्हर यूडीपीसाठी पोर्ट मुळात मोजतच नाहीत. बोगद्यातून, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं घालून, येणाऱ्या वाहतुकीत बाहेरचे दोन पत्ते कायम तेच असतात. व्हीएक्सलॅन या प्रकारचा बोगदा आतल्या पॅकेटच्या हॅशवरून बाहेरचा पोर्ट ठरवून ही कोंडी फोडतो, जीआरई या प्रकाराला पोर्टच नाही. आतल्या शीर्षावर हॅश काढण्याची सोय व्हर्टआयओ १.३ मध्ये आली. आणि एकच प्रचंड कनेक्शन असेल तर कुठलाही हॅश त्याचे दोन भाग करू शकत नाही, करूही नये.

सगळ्यात अवघड जागा स्थलांतराची. मशीन सुरू होताना गेस्ट आणि कार्ड यांच्यात सोयींची बोलणी होतात, आणि एकदा देऊ केलेली सोय कार्डाला चालू मशीनखालून काढून घेता येत नाही. आता हे मशीन दुसऱ्या होस्टवर गेलं, किल्ली आणि तक्ता सोबत आला, पण तिथलं कर्नल जुनं आहे किंवा तिथे ईबीपीएफ चढवायची परवानगी नाही, तर करायचं काय? व्हीहोस्ट सोडून क्वेमूतच हॅश काढला तर शब्द राहतो पण वेग कोसळतो. पॅकेटं जुन्या अंदाजी पद्धतीने वाटली तर वेग टिकतो, पण गेस्टने सांगितलेला तक्ता कोणी वाचतच नाही आणि गेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही. कोर शंभर टक्के भरलेला दिसतो, तक्ता नीट दिसतो, आणि दोष शोधणारा माणूस चुकीच्या यंत्रावर रात्र घालवतो. या दोन्हींपेक्षा स्थलांतर सरळ नाकारणं मला बरं वाटतं. त्यासाठी क्लस्टरमधल्या प्रत्येक होस्टला काय जमतं हे मशीन सुरू करण्याआधीच माहीत असावं लागतं, आणि जे सगळ्यांना जमतं तेवढंच गेस्टला देऊ करावं लागतं. म्हणजे वीसपैकी एक होस्ट मागे असला तर उरलेल्या एकोणीस होस्टांवरही गेस्टला आपली किल्ली लावता येणार नाही.