डब्यावरचा आकडा आणि रानातली गोळी

कारखान्यातील यंत्रावर एक पितळी पट्टी असते. तीवर कोरलेले उत्पादन आणि पाळी संपताना हाती येणारे उत्पादन यांत अंतर पडते, आणि त्याचा दोष कामगाराच्या माथी येतो. संघटनेच्या कामात आयुष्य गेल्यामुळे छापील आकडा दिसला की तो कोठे मोजला, असे विचारण्याची मला खोड लागली आहे. तीच खोड घेऊन आज शिकारी बंदुकीच्या ‘मॅग्नम’ काडतुसांकडे पाहू. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हौशी शिकार मोडली, ते बरेच झाले. ही हकीकत आफ्रिकेतील आहे.

मॅग्नम हे मुळात मद्याच्या मोठ्या बाटलीचे नाव. काडतुसाच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की त्याच जाडीच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त दारू. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचे .३७५ मॅग्नम १९१२ साली निघाले. त्याचे नळकांडे २.८५ इंच लांब, दारूला ऐसपैस जागा. १९५६ साली अमेरिकेत .४५८ विंचेस्टर मॅग्नम आले. साध्या, स्वस्त बंदुकीत बसावे म्हणून त्याचे नळकांडे अडीच इंचांचेच ठेवले. ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,१३० फूट जाईल, असे सांगण्यात आले.

परंतु हा वेग लांब नळीतून मोजलेला होता. शिकाऱ्याच्या हातातली नळी आखूड असे. शिवाय तोकड्या जागेत दाबून भरलेली दारू कालांतराने घट्ट होऊन नीट जळत नसे. मग वेग २,००० फुटांच्याही खाली येई. आता हिशेब पाहा. गोळीचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणून वेग सहा टक्के उतरला की जोर बारा टक्के उतरतो. १,९५० फुटांवर तर ही दांडगी गोळी जोरात .३७५ च्याच पंक्तीला येऊन बसते. अंगावर येणाऱ्या रानरेड्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला, आणि पुढे माग काढत चाललेल्या गड्याला, ही तूट जिवावर बेतणारी होती.

जॅक लॉट नावाच्या शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये अशाच रेड्याने जबर जखमी केले. त्याने पुढे नळकांडे २.८ इंचांचे करून १९७१ च्या सुमारास .४५८ लॉट हे काडतूस घडविले. त्याचा वेग २,३०० फुटांपर्यंत गेला. नंतर दारू सुधारल्याने जुन्या .४५८ चाही दोष बराच निघाला.

मात्र जोर हेच सर्वस्व नव्हे. कॅरामोजो बेलने हस्तिदंतासाठी हजारावर हत्ती मारले, ते बहुतांशी बारीक ७ मिलिमीटर गोळीने. त्याची गोळी टणक होती, मेंदूचा ठाव त्याला ठाऊक होता, आणि बंदुकीचा धक्का हलका असल्याने हात डचमळत नसे. त्या कत्तलीचे कौतुक नको, बोध तेवढा घ्यावा.

तेव्हा दोन काडतुसे तोलायची असतील तर आपल्याच बंदुकीतून, आपल्याच नळीच्या लांबीत, वेग मोजावा. गोळी कशी बनली आहे ते पाहावे. आणि धक्का सोसून नेम राहतो का, हे तपासावे. डब्यावरचा आकडा विकणाऱ्याचा असतो. परिणाम मात्र बंदूक धरणाऱ्याला, त्याच्या सोबत्याला आणि जखमी होऊन झुडपात शिरलेल्या मुक्या जनावराला भोगावा लागतो.