आधी त्यांचे गाणे : ईशान्य जपानमधील ख्रिस्ती संगीतसेवा

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या ९.० तीव्रतेच्या भूकंपाने आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने जपानच्या ईशान्येकडील तोहोकु प्रदेशाची, मुख्यतः इवाते, मियागी आणि फुकुशिमा या प्रांतांची, किनारपट्टी उद्ध्वस्त केली. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसे गेली, आणि फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्रातील दुर्घटनेने आणखी हजारो कुटुंबांचे गाव सुटले. मदतीला धावलेल्या पथकांत देशी-परदेशी चर्चची पथकेही होती. त्यांनी चिखल उपसला, पाणी आणि पांघरुणे वाटली. पण पहिली निकड ओसरल्यावर त्यांतली काही मंडळी की-बोर्ड, गिटार आणि हँडबेल, म्हणजे एकेका सुरात लावलेल्या हातघंटा, घेऊन पुन्हा त्याच गावांत येऊ लागली. ज्या देशात ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का आहे, तिथे ही संगीतसेवा परकी वाटली नाही, याचे कारण समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या मेइजी काळापर्यंत मागे जावे लागते.

ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले आणि मिशनऱ्यांबरोबर उपासनागीते व पायपेटी जपानात आली. त्याच सुमारास नवे शिक्षणखाते शाळांसाठी ‘शोका’, म्हणजे वर्गात समूहाने म्हणायची गीते, तयार करीत होते आणि त्यासाठी पाश्चात्त्य चाली, त्यांत उपासनागीतांच्याही चाली, घेऊन त्यांवर निसर्गाचे किंवा नीतीचे जपानी शब्द बसवीत होते. येशूला जिवलग मित्र म्हणणाऱ्या एका प्रसिद्ध इंग्रजी स्तोत्राची चाल १९१० मध्ये तारकांवरच्या गीताला लावली गेली, ती अशीच. परिणामी, चर्चची पायरी कधी न चढलेल्या जपानी माणसाच्या कानात चर्चचे सूर लहानपणापासून मुरलेले असतात.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे नाव ओकानो तेइइची यांचे आहे. १८७८ मध्ये तोत्तोरी येथे जन्मलेले हे ख्रिस्ती संगीतकार टोकियोच्या संगीतशाळेत शिकवीत असत आणि सुमारे चार दशके होंगो भागातील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत. १९१४ च्या शालेय गीतसंग्रहात आलेले ‘फुरुसातो’, म्हणजे ‘माझे गाव’, हे तीन मात्रांच्या संथ चालीचे गीत त्यांचे मानले जाते. शब्द ताकानो तात्सुयुकी यांचे. संग्रहात कर्त्यांची नावे छापलेली नव्हती, त्यामुळे ते गाणारी पिढ्यान्‌पिढ्या मुले या चालीमागे एक चर्चवादक आहे हे न जाणताच मोठी झाली. त्सुनामीनंतर निवारा केंद्रांत सगळ्यांत जास्त म्हटल्या गेलेल्या गीतांत हेच होते.

अशा गाण्याच्या कार्यक्रमाचे रूप साधे असते. शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्याच्या आडोशांनी कुटुंबांचे कोपरे पाडलेले. पुढे तात्पुरत्या वसाहतींत साडेचार तातामी चटयांच्या, म्हणजे जेमतेम ऐंशी चौरस फुटांच्या, खोल्या आणि मध्ये एक सामायिक बैठकखोली. तिथे चहाचे पाणी ठेवले जाते, घडीच्या खुर्च्या उघडल्या जातात आणि एखादे ओळखीचे गाणे सुरू होते. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर अशा वसाहतींत एकट्या वृद्धांचे मृत्यू कित्येक दिवस कोणाच्या ध्यानात आले नव्हते. म्हणून दार उघडून बाहेर येण्याचे निमित्त पुरवणे हेच या बैठकांचे मोठे काम आहे, आणि गाणे हे त्यासाठीचे फार चांगले निमित्त आहे, कारण त्यात कोणालाही आपले दुःख बोलून दाखवावे लागत नाही.

ओळखीचे गाणे नेहमी शालेय गीतच असते असे नाही. गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमध्ये घडलेले समूहगान, जपानात रुजले ते ‘सिस्टर अॅक्ट’ या १९९२ च्या चित्रपटाने. तिथल्या अशा गायनवृंदांत बहुसंख्य गायक ख्रिस्ती नसतात. ‘अमेझिंग ग्रेस’ २००३ च्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने घरोघरी पोहोचवले होते.

फुकुशिमात मात्र कोणते गाणे म्हणायचे हा प्रश्न अधिक अवघड होता. अणुवीजकेंद्राजवळच्या ओकुमा परिसरातील बाप्टिस्ट चर्चची मंडळी पाळक सातो अकिरा यांच्याबरोबर घरदार सोडून भटकत टोकियोच्या पश्चिमेकडील ओकुतामा येथे पोहोचली आणि पुढे इवाकी शहरात त्यांनी नवे चर्च उभारले. ओकुमाच्या काही भागात परतण्याची मुभा मिळाली ती थेट २०१९ मध्ये. इतकी वर्षे गावाला मुकलेल्या माणसांपुढे, एक दिवस घरी परतू असे म्हणणारे ‘फुरुसातो’ गाणे म्हणजे जखमेला हात लावणे होय. ते कधी म्हणायचे हे ऐकणाऱ्यांनीच ठरवू देणे, हा या सेवेतील खरा विवेक.

माणसांबरोबर वाद्येही लाटेत सापडली. इवाकीतील तोयोमा माध्यमिक शाळेच्या व्यायामशाळेतील ग्रँड पियानो त्सुनामीत वाळूने भरला होता. खाऱ्या पाण्याने तारा गंजतात, हातोड्यांवरचा नमदा फुगतो, सरसाचे जोड सुटतात. जाणकार अशा वाद्याची आशा सोडतात. तरीही स्थानिक पियानो-तज्ज्ञ एंदो हिरोशी यांनी ते उकलून, धुऊन, भाग बदलून पुन्हा वाजते केले आणि २०११ च्या वर्षअखेरीच्या राष्ट्रीय गानसोहळ्यात ते वाजले. टोकियोतील ‘कम्युनिटी आर्ट्स टोकियो’ या ख्रिस्ती कलासंस्थेचे ऑर्गनवादक रॉजर लोथर यांनीही लाटेत सापडलेल्या पियानोवर मुलांसाठी पुस्तक लिहिले आहे.

संकटात सापडलेल्या माणसाला धर्म विकला जात नाही ना, ही शंका रास्त आहे. सेंदाईमधील तोहोकु विद्यापीठाने २०१२ पासून सुरू केलेल्या ‘चिकित्सा-धर्मसेवक’ प्रशिक्षणात बौद्ध, ख्रिस्ती, शिंतो असे सारे एकत्र शिकतात आणि धर्मप्रसार न करण्याचा नियम पाळतात. संगीतसेवेलाही हीच कसोटी लावली पाहिजे. किती जणांनी बाप्तिस्मा घेतला ही मोजदाद इथे गैरलागू आहे. तिसऱ्या, पाचव्या वर्षीही गाणारी मंडळी त्याच बैठकखोलीत आली का, हे पाहावे. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर जपानच्या नोतो द्वीपकल्पातही तशाच तात्पुरत्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे वाद्ये घेऊन जाणाऱ्या प्रत्येक वृंदाने आधी तिथली गाणी शिकून घ्यावीत, आणि वर्तमानपत्रांतून नोतोचे नाव मागे पडल्यावरही जात राहावे.